गुप्तरोग आणि गावची नजर



या व्याख्यानमालेची पत्रिका छापायच्या आधी संयोजकांपैकी एकांचा मला फोन आला. म्हणाले, "मॅडम, विषय 'आरोग्य आणि समाज' असा छापला तर चालेल का? पत्रिका घरोघरी जाते, म्हातारी माणसं वाचतात." मी म्हटलं, खुशाल छापा. (हशा) त्यांना दोष देत नाही. उलट आभार मानते, कारण माझं निम्मं व्याख्यान त्यांनी फोनवरच करून टाकलं. मधुमेह असता, गुडघेदुखी असती, तर असा फोन आला नसता. म्हातारी माणसं वाचतात म्हणून तर आपण मोठ्या अक्षरात छापलं असतं!

तर आज बोलायचंय ते गुप्तरोगांबद्दल. गरमी, परमा, हर्पिस, मस, एचआयव्ही. शरीरसंबंधातून लागणारे आजार, आणि त्यांच्यापेक्षा जास्त पसरलेली त्यांची लाज. चार गोष्टी क्रमाने मांडते. हा कलंक आला कुठून? औषध कुठवर पोचलंय? औषध असूनही माणूस दवाखान्याची पायरी का चढत नाही? आणि शेवटी, आपण करायचं काय? 'आपण' म्हणजे ज्याला लागण झाली तो एकटा नव्हे. तुम्ही, मी, सगळेच.

पहिली गोष्ट, कलंक.

या आजारांचा इतिहास म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर नावं टाकण्याचा इतिहास आहे. सोळाव्या शतकात वैद्य भावमिश्रांनी 'भावप्रकाश' हा आयुर्वेदाचा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी गरमीचा रोग फिरंग्यांच्या खात्यावर टाकला. त्याच सुमारास तिकडे युरोपात इटलीचे लोक तो फ्रेंचांच्या खात्यावर टाकत होते आणि फ्रेंच लोक नेपल्सच्या. आपल्या घरातून तो निघाला, असं म्हणणारा देश काही सापडत नाही.

आता आपल्या लोणावळा-मावळाकडे या. 1856 ते 1863 या काळात बोरघाटातून लोहमार्ग काढला गेला. हजारो मजूर घरदार सोडून या डोंगरात राहिले. पलीकडे पुण्या-खडकीला इंग्रजांची छावणी. गोऱ्या शिपायांमध्ये गुप्तरोग वाढले, तेव्हा सरकारने काय केलं? 1868 साली कायदा केला. शरीरविक्रय करणाऱ्या बाईने नाव नोंदवायचं, सक्तीने तपासणी करून घ्यायची, रोग निघाला तर लॉक हॉस्पिटलात कोंडून घ्यायचं. आणि तिच्याकडे जाणारा पुरुष? त्याला या कायद्याची सक्ती नव्हती. रोग दोघांना, तपास एकीचा! वीस वर्षांनी, 1888 साली, तो कायदा रद्द झाला. कागदावरून गेला. आपल्या डोक्यातून गेला का?

पुढे महामार्ग आला. मग खापर फुटलं ट्रक ड्रायव्हरवर. आता शनिवार-रविवारी भुशी धरणावर माणसांचा पूर लोटतो, तर म्हणायचं, हे सगळं मुंबईवाल्यांनी आणलं. हॉटेलातला परप्रांतीय पोरगा, गुलाबाच्या पॉलिहाऊसवर काम करणारी परगावची बाई, कंपनीतला कंत्राटी कामगार. कुणीही चालेल, फक्त आपल्यातला नको. अहो, जंतू रहिवासाचा दाखला मागत नाही.

आणि प्रत्यक्षात माझ्यासमोर स्टुलावर कोण येऊन बसतं? बऱ्याचदा ती असते घरातली सून. नवऱ्याखेरीज तिने दुसरा पुरुष पाहिलेला नसतो. लागण त्याच्याकडून आलेली असते. तो सांगतो, "चूक झाली, डॉक्टर." त्याची चूक होते, तिचं मात्र चारित्र्य निघतं. तो आजाराने गेला, तर ती पांढऱ्या पायाची ठरते. मग तिला माहेरी धाडतात. आणि मावळात गुंठ्याचा भाव कुठे जाऊन पोचलाय, हे मी तुम्हाला सांगायला नको. 'ती तसली बिमारी घेऊन आली' हे वाक्य सातबाऱ्यावर तिचं नाव लागू न देण्यासाठी किती कामाला येतं, ते मी पाहिलं आहे. कलंक म्हणजे नुसतं अज्ञान, असं समजू नका. कलंकाचा कुणाला तरी फायदा असतो.

दुसरी गोष्ट, औषध.

सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' नावाची सोय असते. तिथे या आजारांसाठी रंगीत पाकिटं असतात. सात रंगांची सात पाकिटं. लघवीच्या जागेतून पू येतोय? करडं पाकीट. योनीमार्गाचा दाह, त्यामुळे अंगावरून जातंय? हिरवं. जननेंद्रियावर जखम आहे? पांढरं, त्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन. पेनिसिलिन सोसत नसेल तर निळं. हर्पिसला लाल, ओटीपोटात दुखण्याला पिवळं, जांघेतल्या गाठीला काळं. मोफत. रंग कशासाठी? कुठल्या लक्षणाला कुठली औषधं, यात गडबड होऊ नये म्हणून. आणि बरोबर जोडीदाराच्या उपचाराचीही सोय असते, कारण एकालाच औषध दिलं तर ते पाण्यात.

बायकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. अंगावरून पांढरं जातं म्हणजे प्रत्येक वेळी गुप्तरोगच असतो असं नाही. पुष्कळदा साधा बुरशीचा संसर्ग असतो, काही वेळा तर आजारच नसतो. पण ते तपासल्याशिवाय कसं कळणार? आणि तपासायला जायची लाज वाटली, तर?

गरमीचं, म्हणजे सिफिलिसचं, नाव काढलं की एके काळी माणसाचा थरकाप व्हायचा. नाक झडायचं, वेड लागायचं, पोटातलं मूल जायचं. आज सुरुवातीच्या अवस्थेत गाठली, तर बेंझाथिन पेनिसिलिनच्या एका मात्रेत ती बरी होते. एका! हर्पिस मुळासकट जात नाही, हे खरं. पण तो आटोक्यात राहतो. ओठावर जर उठवणारा त्याचा भाऊ तर जगात पन्नाशीच्या आतल्या निम्म्याहून अधिक माणसांच्या अंगात आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे या सभागृहात कितीजण असतील, ते शेजाऱ्याकडे न बघता मोजा. (हशा)

आणि एचआयव्ही. भारतात तो पहिल्यांदा सापडला 1986 साली, चेन्नईत. शोधणाऱ्या डॉक्टर होत्या सुनीती सोलोमन, माहेरच्या गायतोंडे, तिथल्या मराठी घरातल्या. त्यांची विद्यार्थिनी निर्मला हिने नमुने गोळा केले होते. तेव्हा उपचार नव्हता. 1 एप्रिल 2004 पासून सरकारने एआरटीची, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी, औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. 2017 पासून धोरण असं आहे, की लागण कळली की लगेच औषध सुरू. प्रतिकारशक्ती ढासळायची वाट बघायची नाही. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नेमाने घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत न दिसण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. हे परत सांगते, कारण हे वाक्य गावात पोचलेलं नाही. नेमाने गोळी घेणाऱ्या आणि विषाणू न दिसणाऱ्या माणसाकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. लग्न होतं, मुलं होतात, आणि काळजी घेतली तर मुलं निरोगी जन्मतात. राज्यात जवळपास 4 लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत. तुम्ही त्यांच्याकडून भाजी घेता, त्यांच्याशेजारी लोकलमध्ये बसता. त्याने तुम्हाला काही होत नाही, होणार नाही.

मग अडतंय कुठे? ही तिसरी गोष्ट.

एक नमुना सांगते. तो कुणा एकाचा नाही. अशी कितीतरी माणसं पाहिली, त्यांचा मिळून आहे. माणूस राहतो कामशेतला. कान्हे फाट्यावर सरकारी रुग्णालय आहे, लोकलने पुढचंच स्टेशन. पण तिथे केसपेपर काढणारा मुलगा वर्गमित्र, आणि रांगेत चुलतभावजय असणारच! तेव्हा हा लोकलमध्ये बसतो. कान्हे गेलं, वडगाव गेलं, तळेगाव, देहूरोड गेलं. पिंपरीला उतरावं, तर निम्मा मावळ तिथे कामाला. शेवटी थेट पुणे, ससून रुग्णालय. एक दिवसाची मजुरी बुडाली. घरी काय सांगितलं? साहेबांनी बोलावलंय. गोळ्यांची पांढरी बाटली मिळाली, की स्टेशनवरच तिचं लेबल नखाने खरवडून काढायचं. आणि बाटली पिशवीत खुळखुळते, म्हणून आत कापसाचा बोळा दाबून बसवायचा. एवढ्याशा आवाजाची भीती! महिन्या-दोन महिन्यांनी एक खेप चुकते, मग दुसरी. गोळी सुटते, विषाणू परत वर येतो. या माणसाला आजाराने गाठलं की केसपेपरच्या खिडकीने?

दुसरा प्रकार त्याहून वाईट. एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेली जाहिरात. 'गुप्तरोग, हमखास इलाज, नाव गुप्त.' बघा, त्या भोंदूला काय कळलंय! माणसाला आधी नाव गुप्त राहायला हवंय, औषध नंतर. हे त्याला कळलं आणि आपल्या खिडकीला कळलं नाही. पैसे जातात, आजार राहतो. किंवा मेडिकलवाल्याकडून दोन-चार गोळ्या घ्यायच्या. लक्षण दबतं, जंतू शिल्लक राहतो, आणि परम्याचे जंतू तर औषधांना दाद न देणारे होत चालले आहेत.

आणि जो खोलीपर्यंत येतो, तोही लगेच बोलतो असं नाही. दहा मिनिटं पोटदुखी सांगतो. मी पित्ताची गोळी लिहिते. तो उठतो, दारापर्यंत जातो, कडीवर हात ठेवतो आणि पाठमोराच म्हणतो, "मॅडम, अजून एक होतं." आम्हा डॉक्टरांचं खरं काम त्या कडीपाशी सुरू होतं. घाईच्या ओपीडीत ते वाक्य ऐकायला आम्ही थांबतो का? आणि थांबलो, तर पुढचा प्रश्न काय विचारतो? 'कुठे गेला होतास?' हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला की पोलिसांनी, हे नुसत्या सुरावरून कळतं.

महाराष्ट्राला असले प्रश्न मोकळेपणी विचारायची जागा कुणी करून दिली, ठाऊक आहे? रघुनाथ धोंडो कर्व्यांनी. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. 1927च्या जुलैपासून 1953 साली वारेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. गुप्तरोगांवर ते स्वच्छ शब्दांत लिहीत, आणि वाचक आपल्या अडचणी पत्रांनी विचारत. घरात विचारता येत नाही, वैद्याला विचारता येत नाही, ते त्यांना विचारत. 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो कशावरून? वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून! त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड भरला, पुढचा अंक काढला. आपण कर्व्यांवर सिनेमा बघतो, नाटक बघतो, हळहळतो. पण त्या प्रश्नोत्तरांची गरज संपली का हो?

आता चौथी गोष्ट. करायचं काय?

त्याआधी दोन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवते. पहिलं गोव्याचं. डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण नेमाने रक्तदान करायचा. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. फेब्रुवारी 1989 मध्ये पोलीस त्याला घेऊन गेले आणि क्षयरोग्यांच्या जुन्या, ओस पडलेल्या इस्पितळात 64 दिवस पहाऱ्यात ठेवलं. त्याने काय केलं होतं? रक्त दिलं होतं. त्याची आई लुसी कोर्टात गेली. पुढे त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि 1992 मध्ये तो गेला. गावाला त्याचं नाव कळलं ते त्याला न विचारता.

दुसरं प्रकरण 1997चं, मुंबई उच्च न्यायालयातलं. एका कामगाराला एचआयव्ही आहे म्हणून कामावर घेईनात. तो कोर्टात गेला, पण नाव जाहीर न करता. निकालपत्रात त्याचं नाव आहे 'एमएक्स', कंपनीचं 'झेडवाय'. न्यायालयाने सांगितलं, माणूस काम करायला सक्षम आहे आणि इतरांना धोका नाही, तर निव्वळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही. आज तो कामगार कोण, हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. आणि त्याचा हक्क मात्र त्याला मिळाला.

मला आज हेच सांगायचं आहे. माणसाने गावासमोर उभं राहून सांगितलं, तरच तो धीराचा, असं नाही. खासगीपण हा त्याचा हक्क आहे; लपत फिरावं लागणं ही शिक्षा आहे. सांगायचं धाडस आजाऱ्याकडून मागण्याआधी आपल्यात ऐकायची लायकी आहे का, ते बघू या.

ज्यांना लागण झाली आहे त्यांच्याशी आधी बोलते. असे कुणी इथे असतील, तर मान वर करायचीही गरज नाही, नुसतं ऐका. रिपोर्ट हातात आला त्या दिवशी कुठलाच निर्णय घेऊ नका. ना लग्न मोडायचा, ना घर सोडायचा, ना जिवाचं बरंवाईट करायचा. हर्पिस, मस, सिफिलिस, एचआयव्ही, यांतलं पुष्कळसं अंगात महिनोन्महिने, काही वेळा वर्षानुवर्षं, लक्षणांशिवाय राहतं. त्यामुळे 'कधी लागलं, कुणाकडून लागलं' याचं उत्तर पुष्कळदा डॉक्टरही देऊ शकत नाहीत. ज्या प्रश्नाला उत्तर नाही, त्यावरून संसार मोडू नका. जोडीदाराला मात्र सांगायला हवं, कारण त्याचा किंवा तिचा उपचार अडतो. एकट्याने जमत नसेल तर समुपदेशकासमोर बसून सांगा. बाकी कुणाला सांगायचं? विश्वासाचं एक माणूस निवडा. एक पुरे. सगळ्या भावकीला हिशेब द्यायला तुम्ही बांधील नाही. औषध पुरं करा. आणि रात्री एकट्याला फारच जड झालं, तर एचआयव्हीची मोफत हेल्पलाइन आहे 1097, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस आहे 14416. फोनवर समोरचा माणूस तुमच्या गावचा नसतो, हा मोठा फायदा! (हशा)

घरच्यांना सांगते. ताट वेगळं काढू नका. एकत्र जेवण्याने, एका संडासाने, मिठी मारण्याने, डास चावल्याने एचआयव्ही होत नाही, हे तुम्ही पंचवीस वर्षं भिंतींवर वाचता आहात. तरी ताट वेगळं निघतंच. आजारी माणूस गोळ्यांनी सावरतो आणि त्या वेगळ्या ताटापाशी खचतो.

माझ्या व्यवसायबंधूंना, परिचारिकांना, मेडिकलवाल्यांना सांगते. आवाज खाली ठेवा. 'ए, ते एचआयव्हीवाले कोण, पुढे या' ही हाक खिडकीतून जाते तेव्हा ती कामशेतच्या माणसाला ससूनपर्यंत पळवते. आशाताईंना सांगते, तुम्हाला गावची सगळी घरं माहीत असतात. म्हणूनच तुमच्या तोंडाचं कुलूप हे औषधाइतकंच महत्त्वाचं.

आणि कारखानदार, हॉटेलवाले, सरपंच, शाळांचे मुख्याध्यापक. लातूर जिल्ह्यात हासेगावात एचआयव्हीसह जगणारी अनाथ मुलं गावच्या शाळेत बसणार म्हटल्यावर पालकांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली होती. तसं आपल्याकडे होऊ नये. 2017चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर, कुठेही एचआयव्हीवरून भेदभाव करता येत नाही. नोकरीसाठी चाचणीची सक्ती करता येत नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. एचआयव्ही असलेल्यांविरुद्ध द्वेष पसरवला तर तीन महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. तळेगाव-टाकव्याच्या किती कंपन्यांत हा अधिकारी कोण, हे कामगाराला ठाऊक आहे? उद्या सकाळी विचारून बघा. आणि ध्यानात घ्या, हा कायदा एचआयव्हीपुरता आहे. हर्पिस झालेल्या मुलीला, सिफिलिस झालेल्या तरुणाला असा वेगळा कायदा नाही. त्यांच्या वाट्याला फक्त आपण आहोत.

थोडक्यात सांगायचं तर, दोष दुसऱ्यावर ढकलायची सवय फार जुनी आहे, ती सोडू या. औषध आलेलं आहे, तेही मोफत. वाट अडवून बसली आहे ती आपली नजर. आणि ती बदलायची जबाबदारी आजाऱ्याची नाही. पुढच्या वेळी चावडीवर, बचत गटात, भजनी मंडळात कुणाबद्दल 'त्याला म्हणे तसलं काहीतरी आहे' अशी कुजबुज सुरू झाली, तर एवढंच म्हणा, 'असेल. औषध आहे त्याला.' आणि विषय बदला. याहून जास्त काही मागत नाही.

आता प्रश्न. संयोजकांनी दाराशी डबा ठेवला आहे, कोरे कागद आणि पेन ठेवलेत. नाव लिहू नका. 'मित्रासाठी विचारतोय' असंही लिहू नका, सरळ विचारा. (हशा) शेवटची लोकल सुटेपर्यंत मी इथे आहे.